आटवलेलं पाणी

पडवीतल्या चुलीवर रंगूबाईंनी जर्मनचं पातेलं चढवलं होतं. पाणी खळखळून उकळून पाव तास झाला, तरी त्या ते उतरवीनात. सोप्यात पेपर वाचत बसलेल्या मधुआण्णांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि पान उलटलं.

"आवं, बघत काय बसलाय? त्या पाटीतल्या दोन शेणी द्या हिकडं."

"उकळलं की गं ते."

"उकळून भागतंय व्हय? निम्मं आटाय पायजे. डाक्टरनी उकळून पाजा म्हणून सांगितलं, मी आटवून पाजतीया. आटवलेलं पाणी पोटाला हलकं. तुमच्या पुस्तकात आसलं काय लिवलेलं नसंल."

मधुआण्णांनी शेणी दिल्या. बायकोशी वाद घालायची त्यांना सवय नव्हती. तशी कुणाशीच नव्हती. गावच्या हायस्कुलात बत्तीस वर्षं त्यांनी प्रयोगशाळेत परिचर म्हणून काढली. परीक्षानळ्या धुवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे, मुलं गेल्यावर टेबलं पुसायची. उरलेल्या वेळात वाचनालयातली पुस्तकं. गावात कुणी 'गुरुजी' म्हणून हाक मारली की ते ओशाळत. आपल्याला थोडंथोडं सगळंच कळतं आणि पुरतं काहीच कळत नाही, असं त्यांचं स्वतःबद्दलचं मत होतं.

कराडपासून अर्ध्या तासावर, कृष्णेच्या काठाला त्यांचं गाव. चहूकडं ऊस. घरामागं चाळीस पावलांवर आजोबांनी खणलेली विहीर. उन्हाळ्यातही तिचं पाणी कधी आटलं नव्हतं आणि ते काचेसारखं नितळ होतं. या घराण्याची रीत अशी, की बाळंतिणीनं आणि बाळानं पहिला सव्वा महिना याच विहिरीचं पाणी प्यायचं. सव्वा महिना भरला की विहीर पुजायची, तिचं पाणी बाळाच्या ओठाला लावायचं, आणि मगच बाळंतिणीनं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा. सैन्यात असलेल्या मुलानं, पृथ्वीराजनं, कँटीनमधून आणलेलं, पाणी शुद्ध करायचं आरओ मशीन स्वयंपाकघरात देव्हाऱ्याशेजारी टांगलेलं होतं. त्याचं पाणी आण्णा पीत, पैपाहुणे पीत. बाळंतिणीला ते वर्ज्य. "मशिनीचं पाणी मेलेलं आस्तंय," रंगूबाई म्हणत. "त्येच्यात आपल्या वाडवडलांचं काय हाय?"

सून संयोगिता जतकडची. आई लहानपणीच गेलेली, म्हणून दोन्ही बाळंतपणं सासरीच झाली. टँकरमागं घागर घेऊन पळत वाढलेली ही पोर. तिचा बाप सोयरीक जुळल्यावर भावकीत अभिमानानं सांगत होता, "पोरगी पाण्यात दिली." तिनं पाण्याबद्दल तोंड उघडायचं कसं? एकदा तिनं मशीनचं पाणी मागितलं, तर चुलतसासूनं हसत टोमणा हाणला होता, "जतच्या बाईला आमची हीर आवडंना झाली! टँकर मागवू का ग?" सगळ्या हसल्या. संयोगिताही हसली. नंतर तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

आणि तोंड न उघडायला दुसरंही कारण होतं. दोन वर्षांपूर्वी तिला मुलगा झाला होता. अंगावरचं दूध पुरेना म्हणून डब्यातली पावडरही चालू होती. चौतिसाव्या दिवशी ते बाळ निळंसावळं पडलं आणि दवाखान्याच्या वाटेवरच गेलं. काळजात भोक असेल, असं कुणी म्हणालं. पण गावानं निकाल लावला तो वेगळाच. आईचं दूध बाधलं. रंगूबाईंनीही तो मानला. म्हणून या खेपेला मुलगी झाल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "ह्या लेकराला अंगावर घ्यायचं न्हाई. मी सांभाळती तिला." दुधानं छाती दुखायची, तेव्हा संयोगिता ते वाटीत पिळून परसातल्या केळीच्या बुंध्याशी ओतायची. पोरगी मात्र डब्यातली पावडर आणि आटवलेलं पाणी यांवर वाढत होती. आज तिचा अठरावा दिवस.

"मामा," बाळंतिणीच्या खोलीच्या पडद्याआडून हाक आली. "जरा हिकडं येता का?"

आण्णा दारापर्यंत गेले. आत जायची रीत नव्हती. खोलीत शेगडीचा, ओव्याचा, तेलाचा वास कोंडला होता. खिडकी वारं लागेल म्हणून बंद. संयोगितानं बाळाला दाराच्या उजेडात धरलं.

"हिचं व्हट बघा. मला काळपट दिसत्यात. का मलाच तसं वाटतंय?"

आण्णांनी पाहिलं. ओठ शाळेतल्या दगडी पाटीच्या रंगाचे वाटत होते. नखंही. 

"दिष्ट लागलीया," मागून रंगूबाई म्हणाल्या. "काल ती शेजारीण लय गोड गोड बोलत हुती, तवाच मला वाटलं. सांजच्याला मिरच्या उतरवती. आणि तू गं, पडदा कशाला उघडा टाकलास? वारं लागंल की!"

पडदा पडला. आण्णा पडवीत आले. पातेलं आता उतरवलेलं होतं. पाणी बाटल्यांत भरून झालं होतं. पातेल्याच्या आतल्या कडेला पांढरी साय धरली होती, खडूच्या भुकटीसारखी. त्यांनी बोटानं ती खरवडली, आणि बोट तसंच धरून ते उभे राहिले.

दर वर्षी सहावीच्या मुलांसाठी ते हाच प्रयोग मांडून द्यायचे. बशीत मिठाचं पाणी, खाली दिवा. पाणी उडून जातं, मीठ बशीत राहतं. सर मुलांना विचारायचे, "काय गेलं? काय राहिलं?" मागच्या भिंतीशी उभं राहून आण्णांनी ते उत्तर बत्तीस वेळा ऐकलं होतं. निम्मं पाणी आटवलं म्हणजे पाण्यात जे काही होतं ते दुप्पट झालं. पण होतं काय त्यात? नितळ तर आहे. आणि आपण कोण सांगणारे? परिचर माणूस. चुकीचं निघालं तर?

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन बाटल्या पिशवीत घातल्या. एक विहिरीच्या पाण्याची, एक आटवलेल्या. वाचनालयाचं पुस्तक बदलून येतो असं खोटं सांगून ते सांगलीची एसटी धरून विश्रामबागेत उतरले. तिथं पाणी तपासायच्या एका खासगी प्रयोगशाळेत त्यांच्या शाळेची माजी विद्यार्थिनी पूजा काम करत होती.

"अय्या, सर! तुम्ही?"

"सर नव्हे गं मी."

"आम्हाला हायड्रोजनचा फुगा उडवून कोण दाखवायचं? सरांना तर काडी पेटवायची भीती वाटायची." ती हसली. बाटल्या आत घेऊन गेली. तासाभरानं बाहेर आली तेव्हा हसत नव्हती.

"हे कोण पितंय?"

"घरात... बाळ आहे. एकोणीस दिवसांचं."

पूजा त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "सर, यात नायट्रेट आहे. लिटरमागं पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या आत असायला पाहिजे. विहिरीच्या पाण्यात एकशे अडुसष्ट आहे आणि या दुसऱ्या बाटलीत तीनशे तीस. विहिरीभोवती ऊस आहे का?"

"ऊस आहे. गोठाही आहे."

"मग युरिया आणि शेणमूत, दोन्ही मुरतंय. याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसाला लगेच काही कळतही नाही. पण तान्ह्या बाळाच्या रक्ताला यामुळं प्राणवायू वाहून नेता येत नाही. बाळ निळं पडतं."

"अगं, पण आम्ही उकळतो. चांगलं निम्मं आटवतो."

"उकळल्यानं जंतू मरतात, सर. हे खत आहे. ते जिवंतच नाही तर मरेल कसं? फडक्यानं गाळा, तुरटी फिरवा, औषध टाका, ते तसंच राहतं. घरी आरओचं मशीन असेल तर त्यातून बहुतेक सगळं निघून जातं. तेच पाणी द्या. जंतूंसाठी एक उकळी आणा आणि लगेच उतरवा. आणि आईचं दूध असेल तर सगळ्यात उत्तम." ती थांबली. "सर, बाळाला आजच डॉक्टरांना दाखवा."

परतीच्या एसटीत आण्णा खिडकीशी बसले. खिशात तो कागद होता. पोरीला वाचवायचा रस्ता त्यांना कळला होता, पण त्या रस्त्यात रंगू उभी होती. चौतीस दिवसांचा तो नातू. त्यालाही याच हातांनी, याच पातेल्यात पाणी आटवून दिलं होतं. पहाटे पाचला उठून. कुणी दुसरीनं चूल पेटवली तर पाणी कमी आटेल म्हणून कुणाला हात लावू न देता. हा कागद वाचला तर सुनेच्या कपाळीचा डाग पुसला जाणार होता, आणि तोच कागद आपल्या बायकोला सांगणार होता की, तुझं नातवंड तुझ्या हातानं गेलं. हे तिला सांगायचं कोणत्या तोंडानं? आणि न सांगता गप्प राहायचं ते कोणत्या?

भित्र्या माणसाला नेहमी तिसरी वाट सापडते. आण्णांनाही सापडली. रंगूबाई गोठ्यात गेल्या की ते पडवीतल्या बाटल्या ओतून द्यायचे आणि मशीनचं पाणी भरून ठेवायचे. स्वतःच्या घरात चोरासारखे. दवाखान्याचा विषय काढला, तर रंगूबाई म्हणाल्या, "सव्वा महिन्याच्या आत लेकरू भाईर काढायचं? येडं का खुळं तुमी?" आण्णांनी विषय सोडला. बाळाचे ओठ जरा उजळ दिसतात, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी रंगूबाईंच्या ध्यानात आलं. सकाळी भरलेल्या बाटलीवर त्यांनी चुलीच्या राखेचं बोट ओढून खूण केली होती.

"पाणी कोण बदलतंय?"

 संयोगिता खोलीत होती. रंगूबाईंनी सरळ तिच्यावरच घेतलं. "तुझं काम हाय न्हवं हे? एक घालवलंस, आता हिला बी मशिनीचं पाजून घालीवतीस व्हय?"

"मी न्हाई वो आत्ती. मी मशीनपाशी, स्वैपाकघरात कुठं जाती?"

आण्णा पडवीत उभे होते. 'मी बदललं' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. त्याऐवजी त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला. रंगूबाईंनी डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसत चूल फुलवली आणि चार दिवसांची कसर भरून काढायला पाणी निम्म्याच्याही खाली आटवलं. पाव हिस्सा उरलं, तेव्हा उतरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी संयोगिताची किंकाळी आली. बाळ रडत नव्हतं. अंग राखाडी पडलं होतं आणि ते मासळीसारखं तोंड उघडत-मिटत होतं. आण्णांनी आयुष्यात प्रथमच त्या खोलीचा पडदा सारला, बाळाला उचललं आणि सुनेला म्हणाले, "चल."

"आवं, सुवेर..." रंगूबाई आडव्या आल्या.

"बाजूला हो," आण्णा म्हणाले. आपला आवाज त्यांना ओळखू आला नाही.

कराडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाळाच्या टाचेतून रक्त काढलं. ते लाल नव्हतं. चॉकलेटी होतं. आण्णांनी खिशातला घड्या पडलेला कागद पुढं केला. डॉक्टरीणबाईंनी तो वाचला आणि धावत आत गेल्या. नाकाला प्राणवायू, शिरेतून निळं औषध. तासाभरात बाळाचे ओठ गुलाबी होऊ लागले. इतका सुंदर रंग आण्णांनी कुठल्याच परीक्षानळीत पाहिला नव्हता.

"थोडक्यात वाचली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिला आईचं दूध का देत नाही?"

"माझं दूध बाधतंय म्हणत्यात," संयोगिता खाली मान घालून म्हणाली. "पैला मुलगा गेला. चौतिसाव्या दिशी. असाच निळा पडून."

"त्यालाही हेच पाणी?"

"व्हय. आत्ती आटवून द्यायच्या."

डॉक्टरीणबाईंनी कागदावरच्या आकड्याखाली रेघ ओढली आणि कागद आण्णांना परत दिला. तेवढ्यातच संयोगिताला सगळं कळलं. तिनं आण्णांकडं पाहिलं. मग त्यांच्या हातातल्या कागदावरची तारीख पाहिली.

"मामा, ह्यो कागद पाच दिसांचा हाय."

"व्हय."

"पाच दिस तुमाला ठावं हुतं."

आण्णांना वाटलं, तिनं आता ओरडावं, शिव्या द्याव्यात. ती फक्त थकल्यासारखी बाकावर टेकली.

"मी आत्तींना सांगितलं, तर सून सासूवर उलटली म्हणत्याल. तुमीच सांगा. न्हाईतर माझा मुलगा मीच मारला, आसं ऐकत मला अजून चाळीस वर्षं जगायचं हाय."

आठवड्यानं सगळी घरी आली. बाळ आता आईच्या अंगावर होतं. डॉक्टरांचा हुकूम म्हणून रंगूबाईंनी तो मुकाट सोसला, पण त्या सुनेशी बोलत नव्हत्या. सव्वा महिना भरत आला. विहीर पुजायचा दिवस ठरला, भावकीतल्या बायकांना सांगावे गेले. आदल्या दिवशी दुपारी रंगूबाई परसात ओटीसाठी गहू निवडत बसल्या होत्या. आण्णा त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. कागद उलगडला. त्यांनी तो वाचून दाखवला, मग सहावीच्या मुलांना सांगतात तसं सांगितलं. बशी, दिवा, पाणी गेलं, मीठ राहिलं. शेवटी म्हणाले, "बाटल्या मीच बदलत हुतो, रंगू. तिनं न्हाई. आणि मी तवाच तुला सांगितलं न्हाई."

रंगूबाईंचे हात गव्हात फिरत राहिले. एक खडा, दुसरा खडा. त्या एवढंच म्हणाल्या, "मी लय आटवलं हुतं त्येच्यासाठी. त्यो जरा नाजूक हुता म्हणून."

मग सूप उचलून त्या आत गेल्या. संध्याकाळी जेवल्या नाहीत. आण्णांना वाटलं, आपण तिला मारलं.

सकाळी मात्र त्या न्हाऊन, इरकल नेसून, आरतीचं ताट घेऊन तयार होत्या. उसाच्या बांधावरून बायकांची रांग विहिरीवर आली. हळदकुंकू वाहिलं, पाच खडे मांडून पुजले, नारळ फुटला. आण्णा पुरुषमाणूस म्हणून दूर आंब्याखाली उभे राहिले होते. चुलतसासूनं घागर शेंदून वाटीत पाणी काढलं आणि रंगूबाईंच्या हातात दिलं.

"लाव ग नातीच्या व्हटाला. उशीर नगं करू."

संयोगितानं बाळाला छातीशी घट्ट आवळलं आणि एक पाऊल मागं सरकली.

"बघा बया, हिची थेरं!" चुलतसासू फिसकारली. "पोरीला पाजायला लागली, आता हीर बी नगं का?"

"तिला बोलू नगा," रंगूबाई म्हणाल्या.  "जे बोलायचं ते मला बोला. ह्या पाण्यात उसाचं खत उतरलंया. माझा नातू ह्या पाण्यानं गेला. मी माझ्या हातानं आटवून आटवून पाजलं त्येला."

"आगं, काय बोलतीस सणाच्या दिशी! तू काय मुद्दाम केलंस व्हय? माया केलीस."

"माया केली आणि इचारलं न्हाई कुणाला. माझ्या घरात माणूस हाय शिकलेला, त्येला बी इचारलं न्हाई, आणि त्येनं बी सांगितलं न्हाई." त्यांनी आंब्याकडं पाहिलं नाही, पण आण्णांची मान खाली गेली. "दोन वर्षं आपुन समद्यांनी हिच्या दुधाला नाव ठेवलं. पैली मी. हिच्या दुधात काय बी नव्हतं. इख माझ्या पातेल्यात हुतं."

त्यांनी वाटी पालथी केली. पाणी बांधाच्या मातीत जिरून गेलं.  एकदोघी देवाचा कोप होईल म्हणून पुटपुटल्या, एकीनं डोळ्याला पदर लावला. संयोगिता उभी होती तिथंच खाली बसली आणि दोन वर्षांत प्रथमच मोठ्यानं रडली. रंगूबाई तिच्यापर्यंत गेल्या, पण तिला हात लावायचं धाडस त्यांना झालं नाही. त्या नुसत्या शेजारी बसल्या.

बायका पांगू लागल्या, तेव्हा सगळ्यांच्या मागं उभी असलेली एक बाई पुढं आली. गोठ्यावर काम करणाऱ्या धुळा नावाच्या गड्याची बायको. विहिरीपलीकडच्या खोपटात ती नवऱ्याबरोबर राहत होती. ती आंब्याखाली आण्णांसमोर आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आण्णा, माझं दोन म्हयन्याचं हाय. मला दूध कमी हाय, म्हणून म्हशीच्या दुधात ह्याच हिरीचं पाणी घालून पाजतीया. आटवूनच. वैनींचं बघून शिकली. आता घरी जाऊन काय पाजू?"

आण्णा तिच्याकडं पाहतच राहिले. ते सांगलीला गेले होते, कराडला गेले होते. घरातून चाळीस पावलांवर आणखी एक तान्हं मूल हेच पाणी पितंय, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. 

रंगूबाई उठल्या. "कळशी घिऊन ये," त्या म्हणाल्या. "आणि लेकराला बी आण. त्येचं व्हट मला बघू दे."

"कुठं थांबू, वैनी? मागल्या दारात?"

या घराच्या मागल्या दारापलीकडं ती आजवर कधी आली नव्हती.

"दारात कशापाय? मशीन आत हाय. स्वैपाकघरात ये."

धुळाची बायको खोपटाकडं धावली. आण्णांनी मान वर करून पाहिलं, तर बांधावरून आणखी तिघीजणी आपापल्या घराकडं कळश्या आणायला निघाल्या होत्या. आणि मशीन एकच होतं.